स्टँड रिकामा असेल तर टीव्हीला विकणार काय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या देशातल्या सगळ्यात मोठ्या फुटबॉल लीगचं टेंडर उघडायची वेळ आली आणि एकही बोली आलेली नव्हती. कमी रकमेची आली, अटी घालून आली असं काही नाही, आलीच नाही. मागणी तरी काय होती? आयएसएलचे, म्हणजे इंडियन सुपर लीगचे, व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी घ्या आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला वर्षाला किमान साडेसदतीस कोटी किंवा उत्पन्नाचे ५ टक्के, यातलं जे जास्त असेल ते द्या. याच देशात आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेलेत.

यावर आमच्या कट्ट्यावर जी चर्चा झाली तिचा निकाल पाच मिनिटांत लागला. "आपल्याकडे फुटबॉल बघतंच कोण भो? क्रिकेटनं खाल्लं सगळं."

मला हे पटत नाही. चॅम्पियन्स लीगची मॅच असली की रात्री दीड वाजता जागी असणारी पोरं भुसावळच्या रेल्वे कॉलनीपासून जळगावच्या पिंप्राळ्यापर्यंत आहेत. सकाळी माझ्या क्लासला डोळे चोळत येतात, गणिताचं सूत्र आठवत नाही, पण दुसरा गोल कोणत्या मिनिटाला झाला ते पाठ असतं. फुले मार्केटात पाठीवर मेस्सी नाहीतर रोनाल्डो छापलेल्या जर्सी ढिगानं टांगलेल्या असतात. म्हणजे बघणारे आहेत. ते आपली लीग बघत नाहीत, आणि त्याचा दोष क्रिकेटवर ढकलून मोकळं होता येत नाही. टीव्हीवाला फुटबॉलचे पैसे मोजतो तेव्हा त्यात खेळाच्या बरोबरीनं मैदानावरच्या गर्दीचे पैसे असतात. ती गर्दी आधी जमवावी लागते. आपण आधी कॅमेरे लावले आणि माणसं मागाहून येतील म्हणून वाट बघत बसलो.

उदाहरण सगळे इंग्लंडचं देतात, आणि अर्धवट देतात. १९९२ साली प्रीमियर लीग निघाली, स्काय या टीव्ही कंपनीनं बीबीसीला सोबत घेऊन पाच वर्षांचे ३० कोटी ४० लाख पौंड मोजले, आणि तिथून भाग्य फळफळलं, अशी ती गोष्ट. उडी मोठी होती यात शंका नाही, कारण १९८८ मध्ये आयटीव्ही या वाहिनीनं चार वर्षांचे मिळून ४ कोटी ४० लाखच दिले होते. पण जरा मागे जा. १९४८-४९ च्या हंगामात इंग्लंडच्या लीग सामन्यांना ४ कोटींच्या वर प्रेक्षक आले होते. १९८५-८६ मध्ये तोच आकडा १ कोटी ६५ लाखांच्या आसपास घसरला. लगेच कुणी म्हणेल, टीव्हीनं घात केला. तर त्याच १९८५-८६ च्या हंगामात पैशांवरून क्लब आणि टीव्हीवाल्यांचं फिसकटलं होतं आणि पहिले काही महिने लीगचा एक गोलसुद्धा पडद्यावर दिसला नव्हता. टीव्ही बंद, तरी स्टँड ओस.

माणसं येत नव्हती कारण तिथं यावंसं वाटत नव्हतं. जुनाट लाकडी स्टँड, हाणामाऱ्या, बाईमाणसानं पाय ठेवू नये अशी अवस्था. मे १९८५ मध्ये ब्रॅडफर्डला स्टँड पेटला, ५६ जण गेले. १९८९ मध्ये हिल्सबरोला चेंगराचेंगरी झाली, तिच्यात ९७ बळी गेले. मग न्यायमूर्ती टेलरांचा अहवाल आला आणि वरच्या दोन विभागांतल्या क्लबांना उभं राहायचे कट्टे काढून खुर्च्या बसवाव्या लागल्या. इकडे १९८६ पासून प्रेक्षकांचा आकडा दरवर्षी थोडा थोडा वर सरकत होताच. स्कायनं पैसे लावले ते चढत्या गर्दीवर. आणि समोर आयटीव्ही बोली वाढवत होता म्हणून एवढे लावले. पुढे युरोपीय आयोगाचा दट्ट्या आला, सगळे सामने एकाच गिऱ्हाइकाला विकता येणार नाहीत म्हणून. मग बीटी ही टेलिफोन कंपनी मैदानात उतरली, आणि २०१३-१६ चे ३०० कोटी पौंडांचे हक्क पुढच्या तीन वर्षांसाठी ५१३ कोटींवर गेले. आता २०२५ पासूनचा चार वर्षांचा देशांतर्गत करार ६७० कोटींचा आहे.

आता यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच फुटबॉलचा सामना टीव्हीवर थेट दाखवायला बंदी आहे. १९६० च्या दशकात बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी हट्ट धरला की टीव्हीवर मोठ्या संघाची मॅच लागली तर गावातल्या छोट्या संघाच्या मॅचला कुत्रंही येणार नाही. तो नियम आजही आहे. त्यामुळे लिव्हरपूलमधल्या माणसाला आपल्याच संघाची तीनची मॅच घरी बसून सरळ मार्गानं बघता येत नाही, आणि आमच्या पिंप्राळ्यातलं पोरगं तीच मॅच संध्याकाळी साडेसातला वरणबट्टी खाताखाता बघतं. फुटबॉलमधली सगळ्यात महाग टीव्ही लीग, आणि आठवड्यातली हक्काची वेळ तिनं मैदानासाठी राखून ठेवलीय! या बंदीनं खरंच गर्दी टिकते का यावर तिथं वाद आहेत, ते असोत. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की साठ वर्षांपूर्वी एका गावच्या क्लबवाल्याला कळलं होतं, आपला माल नेमका कुठला आहे ते.

ज्यांना अजून शंका आहे त्यांनी २०२० आठवावं. मे महिन्यात जर्मनीची बुंडेसलिगा रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाली. सगळं जग घरात कोंडलेलं, दुसरा खेळ नाही, म्हणजे टीव्हीला याहून चांगले दिवस कोणते? पण बघवेना. बॉलला लाथ बसल्याचा ठप्प आवाज, गोलकीपरची ओरड, बाकी स्मशानशांतता. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये एरवी पंचवीस हजारांच्या आसपास माणसं उभी असतात, तिथं नुसतं काँक्रीट. मग टीव्हीवाल्यांनी काय केलं? गर्दीचा रेकॉर्ड केलेला गलका वाजवायला घेतला. स्कायनं तर चक्क फुटबॉलच्या व्हिडिओ गेमसाठी रेकॉर्ड केलेले आवाज वापरले. स्पेनच्या लीगनं पडद्यावर संगणकानं काढलेले प्रेक्षक चिकटवले. जो माल कमी पडतो त्याचीच नक्कल करावी लागते.

आपल्या आयएसएलनं तो पूर्ण हंगाम गोव्यात, बंद दाराआड, तीन मैदानांवर काढला. तो काढणं भागच होतं. पण दार उघडल्यावर सुद्धा बऱ्याच ठिकाणी चित्र फारसं वेगळं दिसलं नाही, ही खरी चिंतेची बाब.

२०१४ आठवतंय का? आयएसएलचं पहिलं वर्ष. आठ संघ, इटलीचा डेल पिएरो दिल्लीत, फ्रान्सचा पिरेस गोव्यात, आणि पुण्याच्या बालेवाडीत फ्रान्सचाच त्रेझेगे! विश्वचषक जिंकलेला माणूस बालेवाडीत. पहिल्या वर्षी लीगची सरासरी गर्दी २४ हजारांच्या पुढे होती, कोचीत तर पन्नास हजारांच्या घरात. पेपरांत मथळे आले की आपण जगातल्या मोठ्या लीगच्या पंगतीत. चार-पाच वर्षांत ती सरासरी निम्म्याच्या आसपास आली. पुण्याचा संघ २०१९ मध्ये बंदच पडला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. त्या संघासाठी पाच वर्षं बालेवाडीला जाणाऱ्या माणसानं दुसऱ्या दिवशी कुणाला पाठिंबा द्यायचा होता? आता महाराष्ट्रात उरला मुंबईचा एक संघ. तो अंधेरीत खेळतो, आमच्यापासून चारशे किलोमीटरवर, आणि मैदान बसवतं जेमतेम सात-आठ हजार. लीगवाल्यांच्या लेखी आम्ही जळगावकर म्हणजे नुसती टीव्हीपुढची डोकी.

आणि पैसा? २०१० मध्ये आयएमजी-रिलायन्सनं महासंघाशी १५ वर्षांचा ७०० कोटींचा करार केला. त्यातून महासंघाला वर्षाला साधारण ५० कोटी मिळू लागले. लीग चालवणारी कंपनी रिलायन्सची, तीत सुरुवातीला भागीदार स्टार, आणि दाखवणारंही स्टारच. २०२३ मध्ये हक्क वायकॉम१८ कडे गेले, तीही रिलायन्सच्याच घरातली. पुढे २०२४ मध्ये स्टार आणि वायकॉम एकत्रच आले. विकणारा आणि घेणारा एकाच ओट्यावर बसलेले असले की भाव निघणार कसा? रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. बांधावर एकच व्यापारी आला आणि बऱ्हाणपूरचा भाव विचारायची सोय नसली की घड कापून द्यावाच लागतो. त्यांचा धंदा त्यांनी कसाही करावा, माझी तक्रार महासंघाबद्दल आहे. पंधरा वर्षं आयता चेक येत राहिला, आणि आपल्या मालाची खुल्या बाजारातली किंमत काय हे जाणून घ्यायची तसदी कुणी घेतली नाही. करार संपत आला तेव्हा कळलं. जुलै २०२५ मध्ये पुढचा हंगाम लटकला, खेळाडूंचे पगार अडले, आणि नोव्हेंबरात टेंडरचं ते तसं झालं.

हे आपल्यापुरतंच नाही. अमेरिकेनं १९७५ मध्ये पेलेला आणलं. १९७७ मध्ये त्याच्या न्यूयॉर्क कॉसमॉस संघाच्या एका सामन्याला ७७ हजार लोक जमले. लगेच हुरळून तिथल्या लीगचे संघ २४ केले. एबीसी वाहिनीनं सामने दाखवले, रेटिंग मिळेना म्हणून सोडून दिले, आणि १९८४ नंतर ती लीग इतिहासजमा झाली. चीननं २०१६ पासूनच्या पाच वर्षांसाठी ८०० कोटी युआनचा टीव्ही करार मिरवला. जिआंगसूचा संघ २०२० चा विजेता ठरला आणि चार महिन्यांच्या आत बंद झाला. ग्वांगझूचा आठ वेळचा विजेता संघ जानेवारी २०२५ मध्ये गुंडाळला. फ्रान्ससारख्या पुढारलेल्या देशात २०२० मध्ये टीव्हीचे हक्क घेतलेल्या मीडियाप्रो कंपनीनं हप्ते थकवले आणि क्लबांची पाचावर धारण बसली.

अमेरिकेनं मात्र धडा घेतला. १९९६ मध्ये एमएलएस ही दुसरी लीग नव्यानं सुरू केली तेव्हा सुरुवातीला सत्तर-सत्तर हजारांच्या मैदानात पंधरा हजार लोक बसायचे, टीव्हीवर ते उजाड दिसायचं. १९९९ मध्ये कोलंबस शहराच्या संघानं वीसेक हजारांचं स्वतःचं मैदान बांधलं, मग एकेका संघानं तेच केलं. मधे दोन संघ बंदही करावे लागले. ॲपलचा दहा वर्षांचा अडीच अब्ज डॉलरचा करार आणि मेस्सी आला तो २०२३ मध्ये, म्हणजे २७ वर्षांनी. आपण २७ वर्षांचं काम त्रेझेगेच्या एका हंगामात उरकायला निघालो होतो.

आता म्हणाल, आपल्याकडे गर्दी जमतच नाही. कोलकात्यात १९९७ च्या मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्याला १ लाख ३१ हजारांवर लोक होते. ते बंगालचं म्हणून सोडून द्या. कोल्हापूर तर आपलंच आहे ना? शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की शहरात दुसरा विषय नसतो. तिथं ना टीव्हीचा करार, ना परदेशी तारे. पेठ आणि तालीम यांच्यावरचा जीव आहे, तोही आजोबांपासून चालत आलेला. त्या मातीतूनच अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या स्पर्धेला देशभरात मिळून साडेतेरा लाखांच्या जवळपास प्रेक्षक आले, या वयोगटाचा तो विक्रम होता.

खान्देशात अशी पेठेची परंपरा फुटबॉलला नाही हे मान्य. पण गर्दीचं गणित आमच्या पोरांना चांगलं कळतं. टेनिस बॉल क्रिकेटची कुठलीही 'चषक' स्पर्धा बघा, अमळनेर असो की दोंडाईचा. मांडवाच्या बांबूला मोबाईल बांधलेला, खाली पॉवर बँक लोंबकळतेय, एक जण माईकवर अहिराणीत कॉमेंट्री ठोकतोय, आणि यूट्यूबवर थेट प्रक्षेपण चालू. मधेच वडापाववाल्याची आणि ट्रॅक्टर शोरूमची जाहिरातही होते. अशाच एका प्रक्षेपणवाल्या पोराला मी विचारलं, फुटबॉलची स्पर्धा करशील का लाइव्ह? तो म्हणाला, "करू ना सर, पण पब्लिक किती येईल ते सांगा, त्यावर रेट सांगतो." शेजारी त्याची आजी बसली होती, तिनं मला विचारलं, "पन पैसा कथाईन येस रे भाऊ?" म्हणजे पैसा येतो कुठून? महासंघाच्या बैठकीत हा प्रश्न २०१० मध्येच विचारायला या आजीला न्यायला हवं होतं.

आमच्याकडचा फुटबॉल वर्षातून एकदा दिसतो, शाळांच्या सुब्रतो मुखर्जी चषकाच्या जिल्हा फेरीत. भर पावसाळ्यात, शाळेचा गणवेश बदलून, गुडघाभर चिखलात. बघायला कोण? दोन पीटीचे सर, आणि बदली खेळाडूंच्या चपला सांभाळणारा एक जण. दोन दिवसांत निकाल लागतो आणि ज्या पोरानं चार गोल केले तो पुढच्या वर्षापर्यंत कुणाला दिसत नाही. कारण पुढचा सामनाच नसतो. लीग म्हणजे पुढच्या रविवारी परत सामना आहे ही खात्री, आणि ती आम्हाला कधी मिळालीच नाही.

म्हणून आम्ही काही जण एक खटपट करतोय. जळगाव, धुळे, नंदुरबार, तीन जिल्ह्यांतले मिळून सहा संघ. नोव्हेंबर ते जानेवारी, दर रविवारी दुपारी चार. वेळ आणि वार हंगामभर बदलायचा नाही, पाहुणा कितीही मोठा येवो. तिकीट दहा रुपये. फुकट ठेवा असं बरेच जण सांगताहेत, मी विरोधात आहे. दहा रुपये देऊन आलेला माणूस निकाल लक्षात ठेवतो आणि रेफ्रीशी भांडतो, मला तो हवाय. पहिल्या वर्षी यूट्यूब प्रक्षेपण नको, यावरही मी अडून बसलोय आणि बहुमत माझ्या विरुद्ध आहे. बॉब लॉर्डचं नाव घेतलं तर पोरं हसतात.

नंदुरबारच्या संघाचा गाडीखर्च कोणी द्यायचा यावर सध्या गाडी अडलीय.