"गाल फुगलेत म्हणजे बाळ धष्टपुष्ट" वाल्या मेसेजबद्दल

आपल्या पंचवटीच्या ग्रुपवर फिरतंय ना, की बाळाचे गाल न् पाय फुगलेले असतील, वजनही बरं भरत असेल तर कुपोषण नाही, अंगणवाडीवाल्या उगाच कुपोषितांच्या यादीत नाव टाकतात, आणि कुपोषण काय ते पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी भागाकडं. ते चूक आहे हो.

माझी मावशी अंगणवाडी सेविका आहे, तिनं मला करून दाखवलं. पावलावर अंगठा तीनेक सेकंद दाबून धरायचा, सोडल्यावर खड्डा तसाच राहिला आणि दोन्ही पायांना असं असलं तर ती सूज, त्यात पाणी असतं आणि वजनकाटा ते पाणीपण मोजतो! अशी सूज असली की दंडाचं माप कितीही येवो, तीव्र कुपोषणच धरतात. सूज नसेल तर 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलाचा दंड 11.5 सेंमीच्या आत, म्हणजे दंड मोजायच्या रंगीत पट्टीवर लाल आला, तर तीव्र कुपोषण.

आणि त्या मेसेजमधलं "तूप-बदाम भरपूर चारा" अजिबात नको, अशा बाळाला एकदम जड खाणं झेपत नाही, जिवावर बेतू शकतं. दवाखान्यातसुद्धा सुरुवातीला एफ-75 नावाचं पातळ दूध दर दोन-तीन तासांनी थोडंथोडंच देतात. खड्डा दिसला तर त्याच दिवशी सिव्हिलला न्या, ग्रुपवर फोटो टाकत बसू नका.