भाच्याच्या गाडीचे नवे दिवे

आज सकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्याने एक फोटो टाकला. त्याच्या सोसायटीच्या पार्किंगमधली भिंत आणि तिच्यावर पडलेला पांढराशुभ्र, जवळजवळ निळसर उजेड. खाली लिहिले होते, की कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जाऊन जुने हॅलोजन काढून टाकले, एलईडी बसवून घेतले, आता गणपतीला गावी जाताना रात्रीच्या रस्त्याची चिंता उरली नाही. सगळ्यांनी अंगठे दाखवले, कोणी टाळ्या वाजवल्या. मी तो फोटो मोठा करून पाहिला आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण भिंतीवरच्या त्या उजेडाला वरची कडच नव्हती. छताखालचे पाण्याचे पाइपसुद्धा लख्ख दिसत होते.

डिपरवर, म्हणजे खाली झुकवलेल्या उजेडावर, असलेल्या गाडीचा उजेड भिंतीवर पडला की एक स्पष्ट रेघ दिसायला हवी. रेघेच्या खाली उजेड, वर अंधार, आणि डावीकडे ती रेघ थोडी चढलेली, कारण आपण डावीकडून गाडी चालवतो आणि कडेने चालणारा माणूस आपल्याला दिसायला हवा. भाच्याच्या भिंतीवर ती रेघ कुठेच नव्हती. म्हणजे तो उजेड रस्त्यावर जितका पडणार, तितकाच समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाणार. ग्रुपवर मी काही बोलले नाही, कारण तिथे एक वाक्य लिहिले की दहा माणसे दुखावतात. पण दिवसभर ते मनातून जाईना, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

सहा वर्षांपूर्वी गणपतीच्या आदल्या दिवशी आई आणि मी रात्री दोन वाजता मुलुंडहून गावी निघालो. मागच्या सीटवर मखराचे सामान होते, डिकी गच्च भरलेली होती आणि पाऊस नुकताच पडून गेला होता. पहाटे साडेचारच्या सुमारास इंदापूर सोडून माणगावच्या अलीकडे पोहोचलो. त्या पट्ट्यात तेव्हा मध्ये दुभाजक नव्हता. समोरून एक उंच गाडी आली. तिचा उजेड इतका तीव्र होता की मी दोनदा डिपर मारला, तेव्हा त्या चालकाने क्षणभर अपर, म्हणजे लांबवर जाणारा वरचा उजेड, लावून दाखवला. म्हणजे तो बिचारा डिपरवरच होता आणि आपले काही चुकत नाही असेच त्याला वाटत होते. ती गाडी शेजारून निघून गेली आणि पुढचे तीन-चार सेकंद मला रस्ता दिसलाच नाही, नुसते हिरवे-जांभळे डाग दिसत होते. डाव्या आरशावर काहीतरी आदळल्याचा आवाज झाला आणि मी ब्रेक दाबला. कडेने सायकल हातात धरून चालत निघालेल्या एका दूधवाल्याच्या कॅनला माझा आरसा लागला होता. माणसाला काही झाले नव्हते, पण कॅन आडवा पडला होता आणि माझ्या गाडीच्या पिवळट उजेडात ते दूध ओल्या डांबरावरून वाहत होते. तो रागावला नाही. तो एवढेच म्हणाला, "ताई, मला तुमची गाडी लांबूनच दिसत होती, मी तुम्हाला दिसलो नाही का?" सांडलेल्या दुधाचे जेवढे झाले तेवढेच पैसे त्याने घेतले, वरचे परत केले.

त्या प्रश्नाचे उत्तर मी स्वतःला चुकीचे दिले, हे आज मला सांगायलाच हवे. मुंबईत परतल्यावर मला वाटले की माझ्याच गाडीचा उजेड कमी पडला. म्हणून मी कंपनीचे ६०/५५ वॉटचे (अपर ६०, डिपर ५५) बल्ब काढून १००/९० वॉटचे बसवून घेतले. दुकानदाराने वायरिंगबद्दल एक अक्षर उच्चारले नाही. महिना-दीड महिन्याने घाटकोपरजवळ ट्रॅफिकमध्ये उभी असताना जळका वास आला आणि एका बाजूचा डिपर गेला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वयस्कर वायरमन बसत असत. त्यांनी बॉनेट उघडून होल्डर ओढला, तर तो करपून तपकिरी झाला होता आणि बल्बच्या पायांना चिकटून बसला होता. ५५ वॉटचे दोन डिपर मिळून साधारण नऊ ॲम्पियर करंट घेतात, ९० वॉटचे दोन मिळून पंधरा. जी बारीक वायर नऊ ॲम्पियरसाठी घातली आहे, तिच्यातून पंधरा नेले तर ती तापणारच. पंधरा वर्षांपूर्वीच्या गाडीत तर हा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून यायचा.

मग त्यांनी मीटर लावून मला जे दाखवले, ते मी विसरू शकत नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर सुमारे १४ व्होल्ट होते आणि बल्बच्या पायाशी धड १२ सुद्धा पोहोचत नव्हते. मधले सगळे त्या बारीक वायरीत, गंजलेल्या अर्थिंगमध्ये आणि झिजलेल्या स्विचमध्ये नाहीसे होत होते. हॅलोजनचा स्वभाव असा, की व्होल्टेज दहा टक्के पडले तर उजेड दहा टक्क्यांनी नव्हे, जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतो. त्यांनी माझे मोठ्या वॉटचे बल्ब काढून ठेवले, पुन्हा ६०/५५ घातले आणि बॅटरीवरून फ्यूज लावून जाड वायर थेट रिलेमार्फत (थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नव्या सिरॅमिक होल्डरपर्यंत आणली. जुना स्विच आता फक्त रिले चालू-बंद करतो. त्या रात्री ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला लागले तेव्हा वाटले, की ही गाडी माझी नव्हे. बल्ब तेच होते, वॉट तेवढेच होते, फक्त त्यांना पोटभर खायला मिळाले होते.

गाडीच्या हेडलाइटची काच म्हणतो ती आता काच नसते, पॉलिकार्बोनेट असते, आणि मुंबईच्या उन्हात चार-सहा वर्षांत ती पिवळी पडून धुरकट होते. तिला पाण्याच्या पॉलिश पेपरने आधी हजार नंबर आणि मग दोन हजार नंबर घासून कंपाउंड मारले, तर अडलेला उजेड बाहेर पडतो. वरून संरक्षक थर मात्र द्यावा लागतो, नाहीतर ती लवकरच पुन्हा पिवळी पडते. बल्बच हवा असेल तर त्याच वॉटचा चांगल्या कंपनीचा जास्त उजेडाचा हॅलोजन मिळतो, तो घ्यावा. तो लवकर जातो, ही त्याची किंमत आहे. निळ्या काचेचा बल्ब घेऊ नये, कारण तो निळा थरच उजेड खातो आणि नुसते पांढरे दिसण्याचे समाधान देतो. आणि बसवताना त्याच्या काचेला बोट लावू नये. बोटाच्या तेलाचा डाग तापतो आणि तिथेच बल्ब फुटतो.

आता एलईडीबद्दल. माझ्या गाडीत आहे तशा, अपर-डिपर एकत्र असलेल्या एच४ हॅलोजन बल्बच्या आत दोन फिलामेंट (तापून उजेड देणाऱ्या बारीक तारा) असतात आणि डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. ती वाटी उजेड रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर पडू देत नाही, म्हणूनच भिंतीवर ती रेघ उमटते. रिफ्लेक्टरचा प्रत्येक वळसा त्या बारीक तारेची नेमकी जागा धरून काढलेला असतो. तिथे तुम्ही दोन बाजूंना चिप चिकटवलेली पट्टी घातलीत, तर उजेड निघतो भरपूर, पण जायचा तिथे जात नाही. गाडीच्या नाकासमोरचा रस्ता पांढराफटक होतो, डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचे आधीपेक्षाही कमी दिसते. चालकाला मात्र वाटते की केवढा उजेड आहे! वर त्या एलईडीच्या मागे पंखा असतो, त्यामुळे कित्येकदा हेडलाइटचे मागचे रबरी झाकण नीट बसत नाही आणि आपल्या पावसाळ्यात आत दमट हवा शिरते.

ओल्या रस्त्यावर तर हा अन्याय दुप्पट होतो. कोरडे डांबर थोडा तरी उजेड आपल्याकडे परत पाठवते. ओले डांबर आरशासारखे वागते आणि आपला उजेड पुढे, समोरच्या गाडीकडे ढकलते. आपल्याला अंधार आणि त्याला झगमगाट. त्या पहाटे नेमके हेच झाले होते. माझा दिवा कमी नव्हता, त्याचा दिवा माझ्या डोळ्यांत होता, आणि मध्ये तो दूधवाला होता. ज्याने ते दिवे बसवले, त्याला आजही ठाऊक नसेल की माणगावच्या अलीकडे एका माणसाचे दूध सांडले.

मला राग आहे तो बसवून देणाऱ्यांचा. त्यांना सगळे माहीत असते. भिंतीवर उजेड टाकून गिऱ्हाइकाला ते दाखवतात आणि ती रेघ कुठे गेली, हे मात्र सांगत नाहीत. मोटार वाहन कायदा, १९८८ मधले कलम ५२ गाडीत मूळ रचनेविरुद्ध बदल करू देत नाही, पण दुकानात ते कलम कोणी वाचून दाखवत नाही. माझ्या आईला आता मोतीबिंदू आहे. समोरून असा दिवा आला की ती शेजारच्या सीटवर बसूनही चेहरा फिरवते. त्या रस्त्यावर रात्री एसटी चालवणाऱ्या पन्नाशीच्या चालकाने चेहरा कुठे फिरवायचा?

कंपन्याच स्वस्त गाड्यांना मिणमिणते दिवे देतात, हे मला मान्य आहे, आणि कारखान्यातून आलेल्या काही उंच गाड्यांचे एलईडीही डोळ्यांना खुपतात, हेही मान्य.

हे सगळे लिहिता लिहिता भाच्याबद्दलचा राग ओसरला आहे. त्याची मुलगी दीड वर्षाची आहे. मागच्या मे महिन्यात कशेडी घाटात त्याला पावसाने गाठले होते, रस्त्यावरचे पट्टे पुसले गेले होते, आणि घरी पोहोचल्यावर त्याने मला फोन करून सांगितले होते, "मावशी, मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो." त्याने दिवे शोभेसाठी बदललेले नाहीत. त्या भीतीचे उत्तर त्याने शोधले, जसे मी त्या दूधवाल्याच्या प्रश्नाचे शोधले होते, आणि माझ्यासारखेच त्यालाही दुकानात चुकीचे मिळाले.

म्हणून मघाशी त्याला फोन केला. आधी तो थोडा हिरमुसला, मग भिंतीवरच्या रेघेचे सांगितले तेव्हा गप्प ऐकत राहिला. जुने हॅलोजन त्याने फेकलेले नाहीत, डिकीतच आहेत. रविवारी रात्री तो गाडी घेऊन आमच्याकडे येणार आहे. सोसायटीच्या मागच्या भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करायची, दिव्याच्या मध्याची उंची खडूने भिंतीवर मांडायची आणि डिपरची रेघ त्या खुणेच्या साधारण दहा सेंटीमीटर खाली येते की नाही, ते पाहायचे. डॅशबोर्डवरचे दिवे वर-खाली करणारे ते छोटे चाक त्याने आजवर कधी फिरवलेले नाही. गणपतीचे सामान मागे भरले की गाडीचे नाक वर उचलले जाते आणि सरळ असलेला दिवासुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो, म्हणून तेही त्याला शिकवायचे आहे.

अडचण एकच आहे. आमचे ते वायरमन दोन वर्षांपूर्वी काम सोडून गावी गेले. मुलुंड, भांडुप किंवा ठाण्याच्या बाजूला रिलेचे वायरिंग नीट, फ्यूज लावून आणि मूळ वायरी न कापता करून देणारे कोणी ऑटो इलेक्ट्रिशियन तुमच्या माहितीत असतील, तर मला मेसेज करा. गणपतीच्या आधी काम व्हायला हवे आहे.