उत्तर बसलं, पण फोड कुठे आहे?

नमस्कार. क्रिप्टिक शब्दकोड्यांवरच्या माझ्या मागच्या लेखाला तुम्ही दिलेली लांबलचक प्रतिक्रिया वाचली. (क्रिप्टिक कोड्यात प्रत्येक शब्दासाठी एक सूत्र असतं: त्यात उत्तराची व्याख्या आणि त्याच उत्तराकडे नेणारा शब्दखेळ.) राग आला नाही, कारण तुम्ही मुद्दे नीट मांडले आहेत. थोडक्यात ते असे: एक, उत्तर चौकटीत बसलं की काम झालं, त्यापुढे शब्दाशब्दाची चिरफाड करणं म्हणजे रिकामटेकडेपणा. दोन, रोजच्या कोड्यावर चर्चा करायची आणि उत्तर मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत झाकून ठेवायचं, हा पोरखेळ. तीन, क्रिप्टिक हा इंग्रजीचा खेळ आहे, मराठीच्या काना-मात्रांत तो बसत नाही, तेव्हा आमची मराठी सूत्रं ही ओढाताण आहे.

पहिल्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण खरं भांडण तिथेच आहे. ज्या सूत्रावर मी टीका केली आणि तुम्ही ज्याची बाजू घेतलीत ते असं होतं: 'एक मळकट पिशवीत दडलेलं फूल (३)'. कंसातला आकडा उत्तराच्या अक्षरांचा. उत्तर कमळ. 'एक मळकट' या दोन शब्दांत सलग अक्षरं बघा: ए-क-म-ळ-क-ट. मधली तीन उचलली की कमळ. तुम्ही म्हणता, मिळालं ना उत्तर? मग 'एक की एका' यावर एवढा काथ्याकूट कशाला?

आता तुमच्याच पद्धतीने जाऊ. फक्त व्याख्या बघायची आणि चौकटीत बसवायचं. व्याख्या 'फूल', घरं तीन, आणि उभ्या शब्दाकडून मधल्या घरात म आलेला आहे. कमळ बसतं. सुमनही बसतं! दोन्हीत मधलं अक्षर म. इंग्रजी दैनिकांच्या नेहमीच्या १५×१५ चौकटीत तीन घरांच्या शब्दाचं कधी मधलंच घर उभ्या शब्दाला छेदतं आणि कडेची दोन मोकळी राहतात. म्हणजे सुमन लिहून तुम्ही निवांत चहा प्याल आणि चूक कळेल ती दुसऱ्या दिवशी उत्तरं छापून आल्यावर. सुमन नको आणि कमळच हवं, हे सांगणारं सूत्रात एकच काही आहे: फोड, म्हणजे उत्तराचं प्रत्येक अक्षर सूत्रातून कसं येतं त्याचा हिशेब. ती चिरफाड नव्हे, उत्तराचा पुरावा आहे.

आणि 'एक की एका'चा प्रश्न व्याकरणाच्या हौसेचा नाही. मराठीत 'एक मळकट पिशवीत' असं कोणी बोलत नाही, 'एका मळकट पिशवीत' म्हणतात. पण 'एका' केलं की लपलेली अक्षरं का-म-ळ होतात आणि सूत्र कोसळतं. सामान्यरूप हा मराठी कोडेकाराचा रोजचा शत्रू आहे. प्रत्यय लागला की शब्द बदलतो, त्यासोबत कच्चा माल, म्हणजे ज्या अक्षरांतून उत्तर काढायचं तीही, बदलतो. उपाय असा की कच्च्या मालाला विभक्ती लागणारच नाही अशी वाक्यरचना शोधायची. उदाहरणार्थ: 'एक मळकट, पण आत फूल! (३)'. 'एक मळकट' हा माल, 'आत' ही उत्तर त्यात लपलंय याची खूण, 'फूल' ही व्याख्या, 'पण' हा सांधा. वाक्य मराठी वाटतं आणि एकही शब्द फुकट गेलेला नाही. 'पिशवी' गेली, बरं झालं. तिचं काम 'आत' एकटाच करतो.

हे निकष माझे नाहीत. ब्रिटनच्या 'ऑब्झर्व्हर' वृत्तपत्रात झिमेनीज या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या डी. एस. मॅकनट यांनी १९६६ सालच्या आपल्या पुस्तकात ते मांडले, आणि त्यांच्यानंतर तिथली कोडी रचणारे ॲझेड, म्हणजे जोनाथन क्राउदर, यांनी त्यांचं सार तीनच गोष्टींत सांगितलं: अचूक व्याख्या, प्रामाणिक शब्दखेळ, आणि याखेरीज काहीही नाही. तुम्ही म्हणाल की मोठे कोडेकारही नियम मोडतात. मोडतात, खरं आहे. 'गार्डियन'चे अराकॅरिया, म्हणजे जॉन ग्रॅहम, झिमेनीजपेक्षा खूप सैल हाताने लिहीत आणि त्यांच्यावर जीव टाकणारे सोडवणारे काही कमी नव्हते. पण ते खुणेच्या शब्दाचं व्याकरण वाकवत, अक्षरांचा हिशेब बुडवत नसत. उत्तर सापडल्यावर प्रत्येक अक्षर कुठून आलं ते सांगता येई. सैल आणि चुकीचं यातली रेघ तिथे आहे.

व्याख्येच्या बाबतीतही तेच. 'बिथरलेला नवरा झाडावर उड्या मारतो (३)' हे सूत्र तुम्हाला आवडलं होतं. विनोद म्हणून मलाही आवडलं. पण 'नवरा'ची अक्षरं बिथरवून येणारं उत्तर वानर हे नाम आहे आणि 'झाडावर उड्या मारतो' हे क्रियापद. व्याख्येच्या जागी उत्तर ठेवून वाक्य चाललं पाहिजे, तेव्हा 'झाडावर उड्या मारणारा' हवं. द्व्यर्थी सूत्रात, म्हणजे जिथे एकाच उत्तराच्या दोन व्याख्या जोडलेल्या असतात, लिंगाचाही सापळा असतो. 'डोकं पेलणारा सन्मान (२)' यात उत्तर मान, पण मान हा अवयव स्त्रीलिंगी आणि मान म्हणजे आदर पुल्लिंगी. 'पेलणारा' मानेला लागत नाही. इंग्रजी कोडेकाराला ही कटकट माहीतच नसते, त्यामुळे इंग्रजीवरून शिकलेले आपले लोक इथे हमखास घसरतात.

याच वानराचं दुसरं दुखणं मोठं आहे, आणि त्यातूनच तुमच्या तिसऱ्या मुद्द्याकडे येतो. इंग्रजीत 'लिसन'ची सहा अक्षरं फिरवली की 'सायलेंट' होतं, उच्चाराशी देणंघेणं नाही. मराठीत न-व-रा फिरवून वा-न-र होतं का? काना सुटा मोजला तर होतं: न, व, र आणि एक काना. काना अक्षराला चिकटलेला धरला तर होत नाही, कारण 'रा' कुठे फिरवला तरी 'रा'च राहणार. तुम्ही म्हणता, बघा, इथेच खेळ मोडला. मोडला नाही, नियम ठरवावा लागला, इतकंच. आणि तो आपल्याकडे आधीच ठरलेला आहे. वाल्या कोळी 'मरा मरा' म्हणता म्हणता 'राम राम' म्हणू लागला, ही कथा ज्याला ठाऊक आहे त्याला शब्द उलटा कसा करायचा हे शिकवावं लागत नाही. म-रा उलटं रा-म. काना सुटा धरला असता तर 'राम' उलटून 'मार' झाला असता आणि वाल्मीकींची पंचाईत झाली असती. तेव्हा एका घरात एक अक्षर, त्याच्या काना-मात्रा-अनुस्वारासकट. जोडाक्षरालाही एकच घर: ग्रहण तीन घरांचं, पंढरीही तीन. या नियमाने नवरा-वानर बाद, कलम-कमल चालतं.

शब्दखेळ मराठीला उपरा आहे हे तर मला पटणारच नाही. ओठांनी उच्चारायची अक्षरं टाळून मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण लिहिलं त्या भाषेत आपण बोलतोय. क्रिप्टिक कोडं हा त्या मानाने बराच सौम्य हट्ट आहे.

अडचण आहे ती दुसरीकडे, आणि ती तुम्ही मांडलीच नाहीत. इंग्रजीत घरात येऊ शकणारी अक्षरं २६. मराठीत ३४ व्यंजनांची बाराखडी धरली तरी ४०८, जोडाक्षरं वेगळीच. आडव्या-उभ्या शब्दांचं छेदाचं अक्षर मात्रेसकट जुळवायचं म्हणजे १५×१५ची चौकट भरताना दमछाक होते. म्हणून ७×७ने सुरुवात करावी. आधी लांब शब्द बसवावेत, छेदाच्या घरांत शक्यतो बिनमात्रेची अक्षरं यावीत असे शब्द निवडावेत आणि सूत्रं सगळ्यात शेवटी लिहावीत. सूत्र आधी लिहून मग त्या शब्दासाठी चौकट वाकवायला गेलं की कोपऱ्यात कोणालाच माहीत नसलेले शब्द येतात.

'करी म्हणजे हत्ती असं कोण म्हणतं?' हा तुमचा प्रश्न 'दिवसामागून हत्ती पंढरीला निघालेला (४)' या सूत्राबद्दल आहे. वार, त्याच्यामागून करी, आणि वारकरी. करी हा हत्तीसाठीचा जुना संस्कृत शब्द, मराठी कोशांत सापडतो. रोजच्या बोलण्यात नाही हे कबूल. पण कोडेकाराची मर्यादा कोश ही आहे, बोलणं नव्हे. सोडवताना मोल्सवर्थ किंवा दाते-कर्वे यांचा कोश उघडायला म्हणूनच कोणाची बंदी नाही. 'मागून' हा शब्द मात्र विसरू नका, क्रम तो सांगतो. उभ्या शब्दात 'हत्तीवर दिवस' असंही चाललं असतं. आडव्या शब्दात 'वर'ला काही अर्थ नाही, कारण तिथे वर-खाली काही नसतंच.

राहिला पोरखेळाचा मुद्दा. दैनिकाचं कोडं कोणी सकाळी सातला उघडतं, कोणी रात्री जेवणानंतर. साडेसातला कोणी 'आडवा ९ वारकरी' लिहिलं की रात्रीच्याचं एक सूत्र वाया गेलं, आणि त्यातून मिळालेल्या छेदांमुळे आणखी दोन-तीन. म्हणून मदत पायरीपायरीने. आधी फक्त एवढं: व्याख्या सुरुवातीला की शेवटी. मग प्रकार: लपलेला, उलटा, जोडलेला की फिरवलेला. मग कच्चा माल कुठला. उत्तर फोडीसकट, तेही दुसऱ्या सकाळी. पहिल्या पायरीवरच बरेच जण सुटतात, कारण अडकण्याचं नेहमीचं कारण शब्द न येणं हे नसतं, चुकीच्या टोकाला व्याख्या शोधत बसणं हे असतं. बक्षिसाच्या कोड्यावर तर मुदत संपेपर्यंत अवाक्षर नाही. तिथे उत्तर सांगणं म्हणजे दुसऱ्याची प्रवेशिका भरून देणं.

एक गोष्ट तुमची बरोबर आहे. मागच्या लेखात एका सूत्राचा अक्षरांचा आकडा मी (५) लिहिला होता, तो (४) हवा. जोडाक्षर दोनदा मोजलं गेलं. दुरुस्त केलं आहे.

आता तुमच्यासाठी एक, छेद न देता: 'तळ्यात उगवलेली लेखणी विस्कटली (३)'. उत्तर पाठवू नका, यात काय चुकलंय ते लिहा.