लघवीची पिशवी काढली म्हणजे पुरुषत्व गेलं?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय: ‘लघवीच्या पिशवीचा कॅन्सर निघाला तरी पिशवी काढू देऊ नका. पुरुषत्व कायमचं जातं, इच्छा मरते, त्यावर इलाज नाही.’ हे वाचून कुणी ऑपरेशन महिनोन्‌महिने पुढे ढकललं, तर स्नायूत शिरलेला कॅन्सर तेवढे दिवस वाट पाहत नाही. म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही.

आधी हे, की पिशवी सगळ्यांचीच काढत नाहीत. निदानाच्या वेळी चारांतल्या साधारण तिघांचा कॅन्सर वरवरचा असतो. तो दुर्बिणीतून खरवडतात, गरजेप्रमाणे पिशवीत बीसीजी (क्षयाच्या लशीचंच औषध) सोडतात.

‘इच्छा मरते.’ इच्छेमागचं टेस्टोस्टेरॉन मुख्यतः वृषणांत तयार होतं, आणि या ऑपरेशनात वृषणं काढत नाहीत. आजारपणात मन खचतं, ते वेगळं.

‘पुरुषत्व जातं.’ ताठरता जाण्याचा धोका खरा आहे, मोठाही आहे. पिशवीबरोबर बहुधा प्रोस्टेट (पिशवीच्या खालची ग्रंथी) आणि वीर्यकोशही काढतात, आणि ताठरतेच्या बारीक नसा (मज्जातंतू) प्रोस्टेटच्या दोन्ही अंगांना चिकटून गेलेल्या असतात. पूर्वी त्यांची नेमकी वाटच माहीत नव्हती. १९८१ साली नेदरलँड्समधल्या लायडनला पॅट्रिक वॉल्श आणि पीटर डोंकर या मूत्ररोगतज्ज्ञांनी ती शोधली. पुढच्याच वर्षी वॉल्श यांनी अमेरिकेत बाल्टिमोरला त्या नसा राखून प्रोस्टेट काढली, आणि त्याच दशकात पिशवीच्या ऑपरेशनातही नसा राखणं सुरू झालं. हे प्रत्येकाला जमेल असं नाही. गाठ पिशवीच्या मुखाशी किंवा प्रोस्टेटपर्यंत असेल तर हा हट्ट सोडावा. कॅन्सर मागे राहिलेला परवडत नाही.

वीर्य मात्र बाहेर येत नाही. तरीही सुखाचा कळस अनुभवता येतो, कारण ती संवेदना वेगळ्या नसेतून जाते. मूल हवं असेल तर ऑपरेशन आणि केमोच्या आधीच वीर्य साठवून ठेवावं.

‘इलाज नाही’ हे तर धादांत खोटं. नसा राखल्या तरी सावरायला वर्ष, कधी दोन वर्षं लागतात. तोवर सिल्डेनाफिल, टाडालाफिलसारख्या गोळ्या आहेत. पण हृदयासाठी सॉर्बिट्रेट किंवा तत्सम नायट्रेट घेणाऱ्यांनी त्यांना हातही लावू नये, रक्तदाब धोकादायक उतरतो. नसा गेल्या असतील तरी लिंगात घ्यायचं इंजेक्शन, व्हॅक्यूम पंप आणि शेवटी लिंगात बसवायचं इम्प्लांट उरतंच.

‘माझ्या नसा राखता येतील का?’ हे ऑपरेशनच्या आधीच विचारायला हवं. ओपीडीत मुलगा-सून शेजारी असताना तोंड उघडत नसेल, तर दोन मिनिटं एकट्याने बोलायचंय, एवढंच डॉक्टरांना सांगा.