काळ्या डगल्यातले राजकारण : एका प्रतिक्रियेला उत्तर

वकीलसाहेब,

अमेरिकेतील कायदा आणि राजकारण यांच्या नात्यावरील माझ्या मागच्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल प्रथम आभार. आपण निवृत्त वकील असल्याचे आपणच लिहिले आहे, म्हणून हे संबोधन. त्यात आगाऊपणा वाटू नये. लेखात माझे म्हणणे असे होते की त्या देशात कायदा राजकारणातूनच जन्मतो, तरीही एकदा जन्मल्यावर तो राजकारण्यांना आवरू शकतो. आपल्याला हे भाबडेपणाचे वाटले. मारबरी खटल्याचा प्रसिद्ध निकाल हा मुळातच राजकीय डाव होता, २००० सालची अध्यक्षीय निवडणूक पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयात ठरली आणि न्यायाधीशांच्या नेमणुका तर उघडउघड पक्षीय असतात, असे दाखले देऊन आपण तेथील सर्वोच्च न्यायालयाला ‘काळ्या डगल्यातले राजकारण’ म्हटले आहे. शेवटी आव्हानही दिले आहे की, ज्याने नेमले त्याच्याच विरोधात, त्याला खरोखर झोंबेल असा निकाल या न्यायाधीशांनी दिल्याचे एक तरी उदाहरण दाखवा. जाता जाता आपण माझी एक ढोबळ चूकही दाखवली आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

मारबरीबद्दल आपले म्हणणे मला जवळजवळ पूर्ण मान्य आहे, किंबहुना आपण हात जरा आखडताच घेतला आहे. निवडणूक हरलेले अध्यक्ष अॅडम्स १८०१ च्या मार्चमध्ये पायउतार होताना आपल्या पक्षाच्या माणसांना न्यायपदांवर बसवत होते. त्या नेमणूकपत्रांवर मोहोर उठवण्याचे आणि ती पोहोचती करण्याचे काम परराष्ट्रमंत्री जॉन मार्शल यांचे होते, आणि हेच मार्शल त्या वेळी सरन्यायाधीशही होते. काही पत्रे पोहोचवायची राहून गेली. नवे अध्यक्ष जेफरसन यांनी ती अडवली, पत्र न मिळालेल्यांपैकी एक असलेले मारबरी न्यायालयात गेले, आणि ज्यांच्या कचेरीतल्या दिरंगाईमुळे तंटा उभा राहिला तेच मार्शल १८०३ मध्ये त्याचा निवाडा करायला बसले. आज कोणत्याही तालुका न्यायालयातसुद्धा असा न्यायाधीश खटल्यातून बाजूला होईल. त्यांनी निकाल दिला तो असा: मारबरींचा हक्क खरा आहे, पण ज्या कलमाच्या आधारे ते थेट आमच्याकडे आले ते १७८९ च्या कायद्यातील कलमच घटनाबाह्य असल्यामुळे आम्ही काही देऊ शकत नाही. जेफरसन यांना काही करण्याचा आदेशच नसल्याने तो मोडण्याची संधीही त्यांना मिळाली नाही. अवघ्या सहा दिवसांनी, जेफरसन यांच्या पक्षाने अॅडम्सकालीन न्यायालये रद्द केली होती ते पाऊल याच न्यायालयाने निमूटपणे वैध ठरवले. डाव होता, यात शंका नाही. एवढेच लक्षात घ्यावे, की हा डाव साधण्यासाठी मार्शल यांना स्वपक्षाच्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवावे लागले.

आता आपले आव्हान. मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण १९५२ चे, पोलाद कारखान्यांच्या खटल्याचे आहे. मागच्या लेखात मी ते दोन ओळींत उरकले होते, ही खरी चूक.

कोरियात युद्ध चालू होते, पोलाद कामगारांचा देशव्यापी संप दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा होता, आणि ८ एप्रिल १९५२ च्या रात्री अध्यक्ष ट्रूमन यांनी देशातील प्रमुख पोलाद कारखान्यांचा ताबा घेण्याचा आदेश वाणिज्यमंत्री सॉयर यांना दिला. वास्तविक संप लांबणीवर टाकण्याची सोय कायद्यात होती. १९४७ च्या टॅफ्ट-हार्टली कायद्यानुसार ट्रूमन न्यायालयाकडून ८० दिवसांची मनाई मिळवू शकले असते. पण तो कायदा कामगार संघटनांना नकोसा होता, ट्रूमन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला होता, आणि काँग्रेसने (म्हणजे तेथील संसदेने) तो नकाराधिकार दोनतृतीयांश मतांनी झुगारून कायदा केला होता. ज्या कामगारांच्या मतांवर पक्ष उभा, त्यांच्याविरुद्ध त्याच कायद्याचा बडगा उचलणे ट्रूमन यांना राजकीयदृष्ट्या जड होते. त्यांचीही बाजू होती: कामगारांनी वाटाघाटींसाठी संप आधीच ९९ दिवस पुढे ढकलला होता, तेव्हा आणखी ८० दिवस लादणे अन्यायाचे ठरेल असे ते म्हणत. म्हणजे ताबा घ्यायचा की मनाई मागायची, हा निर्णय शंभर टक्के राजकीय होता, आणि यावर आपले माझे दुमत नसावे.

खटला आधी जिल्हा न्यायाधीश पाइन यांच्यापुढे आला. तेथे सरकारी वकिलाने असा युक्तिवाद केला की अध्यक्षांच्या अधिकाराला दोनच मर्यादा आहेत, एक मतपेटी आणि दुसरी महाभियोग. राजकारण आणि कायदा एकच आहेत असे मानणाऱ्याने याहून प्रामाणिक वाक्य उच्चारले नसेल. परंतु त्यावर एवढा गदारोळ उठला की खुद्द ट्रूमन यांना आपले अधिकार घटनेच्या चौकटीतच आहेत असा खुलासा करावा लागला. पाइन यांनी २९ एप्रिलला ताबा बेकायदा ठरवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

त्या वेळच्या नऊ न्यायाधीशांची यादी काढून पाहावी. नऊच्या नऊ जण रूझवेल्ट किंवा ट्रूमन या दोन डेमोक्रॅटिक अध्यक्षांनी नेमलेले होते. त्यांतील चार तर स्वतः ट्रूमन यांनी. आपल्या सूत्राप्रमाणे येथे सरकारचा विजय ठरलेला होता. सरन्यायाधीश विन्सन यांनी हा ताबा कायद्यात बसेल असा खासगी सल्ला ट्रूमन यांना आधीच दिला होता, असे इतिहासकार सांगतात. ते खरे असेल तर आपला आरोप त्यांच्यापुरता सिद्धच होतो, आणि विन्सन यांनी मतही तसेच दिले. मात्र २ जूनला निकाल लागला तो सहा विरुद्ध तीन असा, सरकारच्या विरोधात. ट्रूमन यांच्या चौघांपैकी दोघे, बर्टन आणि क्लार्क, सरकारविरुद्ध गेले. बर्टन मूळचे रिपब्लिकन, म्हणून त्यांना बाजूला ठेवा. पण टॉम क्लार्क हे ट्रूमन यांचेच माजी अॅटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख होते, आणि त्या पदावर असताना त्यांनीच संकटकाळात अध्यक्षांपाशी अंगभूत अधिकार असल्याचे लेखी मत दिले होते. ट्रूमन यांनी त्याच दिवशी कारखाने परत केले. संप झाला आणि सुमारे ५३ दिवस चालला.

या निकालात मला सर्वांत जास्त गुंतवणारे नाव रॉबर्ट जॅक्सन यांचे आहे. १९४१ मध्ये कॅलिफोर्नियातील एका विमान कारखान्याचा ताबा रूझवेल्ट यांनी संपाच्या वेळी घेतला होता, आणि तेव्हा अॅटर्नी जनरल या नात्याने त्या कृतीचे समर्थन जॅक्सन यांनीच केले होते. १९५२ मध्ये सरकारने त्यांचे तेच शब्द त्यांच्यापुढे ठेवले. जॅक्सन यांनी आपल्या मतपत्रात उत्तर दिले त्याचा आशय असा की, खटल्यातील एका पक्षाच्या वकिलाने स्वपक्षाच्या सोयीने केलेली विधाने न्यायाधीशाला प्रमाण मानता येत नाहीत, मग तो वकील पूर्वी आपण स्वतःच का असेना. आपण आयुष्यभर वकिली केली आहे. वकिलाचा डगला आणि न्यायाधीशाचा डगला यांतला फरक मी आपल्याला सांगणे म्हणजे काशीत जाऊन गंगेचे वर्णन ऐकवणे होईल.

पण हे सहा जण फार करारी होते म्हणून असे घडले, असा निष्कर्ष मी काढत नाही, आणि येथेच माझ्या मूळ लेखातील मांडणी अपुरी होती. त्यांना पाय रोवायला जमीन मिळाली ती काँग्रेसने आधी केलेल्या राजकारणामुळे. १९४७ च्या कायद्यावर चर्चा चालू असताना, आणीबाणीत कारखाने ताब्यात घेण्याचा अधिकार सरकारला द्यावा अशी दुरुस्ती मांडली गेली होती आणि सभागृहाने ती फेटाळली होती. ज्या गोष्टीला काँग्रेसने जाणूनबुजून नकार दिला ती अध्यक्षांनी एका रात्रीत करावी, हे न्यायाधीशांना बहुमताने अमान्य करता आले, कारण नकाराचा लेखी पुरावा समोर होता. मला आता असे वाटते की अमेरिकेत कायद्याची ताकद न्यायाधीशाच्या चारित्र्यावर जितकी अवलंबून असते त्याहून अधिक ती, आधीच्या राजकारणाने भांडून, तडजोडी करून, मते मोजून काय लिहून ठेवले आहे यावर असते. जेथे असा मजकूर असतो तेथे पक्षाचा माणूसही पक्षाच्या विरोधात जाऊ शकतो. जेथे तो नसतो तेथे मोकळी जागा न्यायाधीशाच्या कलाने भरली जाते, आणि तेथे आपले ‘काळा डगला’ हे वर्णन बरेचसे लागू पडते.

रिपब्लिकन उमेदवार बुश यांच्या बाजूने लागलेल्या २००० च्या निकालाकडे याच नजरेने पाहावे. फ्लोरिडातील फेरमोजणीत मतदाराचा हेतू कसा ठरवायचा याचा एकसारखा नियम राज्याच्या कायद्यात नव्हता, आणि बहुमताने समान संरक्षणाचे जे तत्त्व लावले ते मतमोजणीला तशा रीतीने पूर्वी कधी लावलेले नव्हते. हा विचार प्रस्तुत परिस्थितीपुरताच मर्यादित आहे, असे निकालपत्रातच लिहिले गेले. पुढच्या खटल्यात दाखला म्हणून वापरू नका असे न्यायालयच सांगत असेल, तर त्याला कायदा म्हणताना माझीही जीभ अडखळते. रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले स्टीव्हन्स आणि सूटर हे दोघे विरोधी मत देणाऱ्यांत होते, एवढे नोंदवतो आणि हा मुद्दा आपल्याला देऊन टाकतो. जुलै २०२४ चा, माजी अध्यक्षांना अधिकृत कृत्यांबाबत फौजदारी खटल्यापासून संरक्षण देणारा सहा विरुद्ध तीन निकालही मी याच खात्यात टाकेन. घटनेत अशा संरक्षणाचा शब्दही नाही, आणि ते सहाही जण एकाच पक्षाच्या अध्यक्षांनी नेमलेले होते.

उलट बाजूला निक्सन यांच्या ध्वनिफितींचा खटला ठेवावा. १९७३ मध्ये वॉटरगेट प्रकरणाचा तपास करणारे विशेष अभियोक्ता कॉक्स यांना हाकलण्यासाठी निक्सन यांना अॅटर्नी जनरल आणि त्यांचा उपप्रमुख असे दोघे गमवावे लागले. पुढे न्यायालयाने २४ जुलै १९७४ रोजी फिती सादर करण्याचा आदेश दिला तो आठ विरुद्ध शून्य असा. त्यात निक्सन यांनीच नेमलेले तिघे होते आणि निकालपत्र त्यांच्यापैकी एकाने, सरन्यायाधीश बर्गर यांनी लिहिले. चौथे रेंक्विस्ट पूर्वी निक्सन यांच्याच न्याय खात्यात असल्याने बाजूला राहिले. त्या निकालाचा एक खांब असा होता की, अध्यक्षांच्या गोपनीयतेच्या दाव्याला आव्हान देण्याचा अधिकार विशेष अभियोक्त्याला न्याय खात्याच्याच नियमाने दिलेला होता आणि तो नियम रद्द झालेला नव्हता. सरकारने राजकीय दबावाखाली लिहून दिलेला कागद सरकारलाच बांधून राहिला. १६ दिवसांनी निक्सन यांनी पद सोडले. २०२० च्या निवडणुकीनंतर ट्रम्प आणि त्यांच्या समर्थकांनी केलेल्या साठाहून अधिक दाव्यांचेही असेच झाले. पेनसिल्व्हेनियाच्या दाव्यात अपील न्यायालयाचे निकालपत्र लिहिणारे न्यायाधीश बिबास ट्रम्प यांनीच नेमलेले होते, आणि त्यांचे म्हणणे साधे होते: आरोप करायचा तर आधी नेमका तपशील हवा आणि मग पुरावा हवा.

नेमणुकांबाबत मी आपल्याशी वाद घालत नाही. न्यायाधीश स्कॅलिया यांच्या मृत्यूनंतर मार्च २०१६ मध्ये डेमोक्रॅटिक अध्यक्ष ओबामा यांनी गार्लंड यांचे नाव पुढे केले, निवडणुकीचे वर्ष आहे असे म्हणून रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटने त्यांची सुनावणीही घेतली नाही, आणि २०२० मध्ये त्याच पक्षाच्या सिनेटने बॅरेट यांची नेमणूक मतदानाच्या आठ दिवस आधी ५२ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर केली. सिनेटची संमती हवी असे घटना सांगते, ती कधी द्यावी याबद्दल मौन पाळते. पुन्हा तीच मोकळी जागा. आपण या संदर्भात आपल्या देशाची पद्धत बरी असे सुचवले आहे, तेव्हा एवढेच आठवण करून देतो की २४ मे १९४९ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी अमेरिकी सिनेटच्या संमतीची पद्धत राजकीय दबावाच्या शक्यतेमुळे नाकारली, पण त्याच भाषणात सरन्यायाधीशांच्या हाती नकाराधिकार देणेही धोक्याचे म्हटले. त्यापुढचा विषय वेगळ्या लेखाचा आहे.

राहिली माझी चूक. सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायाधीश असावेत असे घटनेत लिहिले आहे, हे माझे वाक्य साफ चुकीचे होते. घटनेत संख्याच नाही. १७८९ मध्ये ती सहा होती, १८६३ मध्ये दहा झाली, अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांना नेमणुका करता येऊ नयेत म्हणून काँग्रेसने १८६६ मध्ये ती सातवर आणण्याचे ठरवले, आणि १८६९ मध्ये साध्या कायद्याने नऊ केली. ही दुरुस्ती करताना मात्र जाणवले की ती आपल्या आणि माझ्या, दोघांच्याही मांडणीला अडचणीची आहे. १९३७ मध्ये, सत्तरी ओलांडूनही निवृत्त न होणाऱ्या प्रत्येक न्यायाधीशामागे एक, असे जास्तीत जास्त सहा नवे न्यायाधीश नेमण्याचा प्रस्ताव रूझवेल्ट यांनी आणला, तेव्हा लेखी आडकाठी कोठेही नव्हती आणि सिनेटच्या तीनचतुर्थांशाहून अधिक जागा त्यांच्याच पक्षाकडे होत्या. तरीही त्या सिनेटने ७० विरुद्ध २० मतांनी प्रस्ताव समितीकडे परत पाठवून संपवला. येथे मजकूर नव्हता, न्यायाधीशही निवाडा करत नव्हते. पक्षाच्याच लोकांनी पक्षाच्या अत्यंत लोकप्रिय अध्यक्षाला एका रूढीच्या जोरावर अडवले. माझ्या ‘लिहून ठेवलेल्या मजकुरा’च्या सूत्रात हे नीट बसत नाही, आणि आपल्या ‘डगल्या’तही बसत नाही.

मूळ लेखातील ते वाक्य आज बदलले आहे, आणि चूक आपण दाखवल्याची नोंद तेथे केली आहे.