गटार कुणाच्या दारात?

आमच्या गावच्या ग्रुपवर गेले दोन महिने एकच विषय आहे: सांडपाणी प्रकल्प कुठे करायचा. नगरपंचायतीने खाडीकडची जमीन सुचवली, तर खालच्या वाडीने निवेदन दिलं. वरच्या वाडीचं नाव निघालं, तर तिकडून मोर्चा आला. परवा चुलतभावाने, म्हणजे दादाने, मला मध्ये ओढलं. "तू सांग रे, तुमच्या अमेरिकेत लोक असे भांडतात काय?"

दादा, भांडतात. आणि आपल्यापेक्षा चिवटपणे.

मी राहतो ते लॉस ओसोस कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं, जेमतेम 14 हजार वस्तीचं गाव. एका बाजूला मोरो बेची खाडी, पायाखाली वाळू आणि चिंचोळ्या प्लॉटांवर दाटीने बांधलेली घरं. सुमारे 5,000 मैला टाक्या होत्या. त्यांचं पाणी वाळूतून झिरपत भूजलात जाई, आणि गाव पितं ते हेच भूजल. त्यात नायट्रेट वाढलं, तेव्हा 1983 साली पाणी-गुणवत्ता मंडळाने नव्या टाक्यांना मनाई केली. ती 1988 पासून लागू झाली आणि गावाच्या बहुतेक भागात नवं बांधकामच थांबलं.

तुला वाटेल, आता प्रकल्प झाला. झाला, पण 2016 साली! मधली वर्षं जागेच्या भांडणात गेली. प्रकल्प गावाच्या मध्यभागी होणार होता आणि 2005 मध्ये कामही सुरू झालं होतं. त्याच सप्टेंबरात मतदारांनी, प्रकल्प राबवणाऱ्या गावच्या निवडून दिलेल्या सेवा मंडळाच्या पाचपैकी तीन सदस्यांना मुदतीआधीच घरी बसवलं. नव्या मंडळाने काम बंद पाडलं, राज्याचं कर्ज अडलं आणि 2006 मध्ये मंडळ चक्क दिवाळखोरीत गेलं. त्याच सुमारास चिठ्ठ्या टाकाव्यात तशी 45 घरं निवडून त्यांच्यावर टाक्या बंद करण्याची कारवाई सुरू झाली. शेवटी काउंटीने, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या प्रशासनाने, काम हाती घेतलं. खर्च 18 कोटी डॉलरच्या घरात गेला आणि प्रकल्प उभा राहिला गावाबाहेर, दफनभूमीशेजारी. तिथल्या रहिवाशांची हरकत येण्याचा प्रश्न नव्हता.

आता प्रक्रिया केलेलं पाणी पुन्हा जमिनीत मुरवतात, कारण भूजलात समुद्राचं खारं पाणी शिरत होतं. हे मला आवडतं. पण त्यासाठी तीस वर्षं घालवायला हवी होती असं मला मुळीच वाटत नाही. त्यामुळे "तिकडचे लोक जागरूक असतात" हे वाक्य आता तरी बंद करा.

फरक लोकांत नाही, परवान्यात आहे. इथे मैल्याची सोय नाही, तर नवं घर नाही. लोकांना ते जाचलं. रिकामे प्लॉट घेऊन बसलेले म्हातारे झाले, तरुणांना घरं मिळेनात. प्रकल्प झाल्यावरही बंदी लगेच उठली नाही. ते मला निष्ठुर वाटतं. पण भांडण कितीही लांबलं, तरी भूजलात जाणारी घाण निदान वाढत गेली नाही.

आपल्याकडे उलट. प्रकल्प अडतो, होमस्टे अडत नाहीत. शोषखड्डा नकाशावर असतो, पण जांभ्याच्या कातळातून त्याचं पाणी कुठे जातं ते शेजारच्या विहिरीला विचारा. आईने विहिरीचं पाणी पिणं सोडलंय, दारात वीस लिटरचे जार येतात. खालच्या वाडीची भीतीही खोटी नाही. प्रकल्प बंद पडला तर वास त्यांनाच येणार, आणि आपल्याकडे पंप बिघडला की दुरुस्तीला पावसाळा उलटतो.

म्हणून मी लिहिलं की भुयारी गटाराची वाट पाहत बसू नका. वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी दर तीन वर्षांनी पाळीपाळीने घरोघरच्या टाक्या उपसायचं ठरवलं आणि तो मैला प्रक्रियेला नेला. आपली टाकी मात्र तुंबल्याशिवाय कुणाला आठवत नाही, आणि उपसणारा टँकर रात्री कुठे रिकामा होतो हे कुणी विचारत नाही. उपशाची सोय होईपर्यंत नव्या लॉजिंगला परवाना देऊ नका, असंही मी लिहिलं.

त्यावर ग्रुपवर बराच वेळ शांतता. रात्री दादाचा वेगळा मेसेज आला. मागच्या तीन खोल्यांची फाईल नगरपंचायतीत पडून आहे, आता तू हे नको ते काढू नकोस.

त्या खोल्यांसाठी मागच्या दिवाळीत मीही पैसे पाठवले आहेत.