साठ हजाराची पुडी कुत्र्यासाठी नाही

आमच्या पाहुण्यारावळ्यांच्या ग्रुपवर दोन महिन्यांपासून एक मेसेज फिरतोय. ‘जनावरांच्या डॉक्टरांची लूट थांबवा, कुत्र्याचं टॉनिक साध्या मेडिकलमधून घ्या’ असं वर ठळक, आणि खाली सहा मुद्दे. माझं लातुरात मेडिकल आहे. मोबाइल पुढं करून ‘ताई, ह्यातली ती डी जीवनसत्त्वाची पुडी द्या’ म्हणणारी माणसं अधूनमधून येतात. मी देत नाही, समजावून परत पाठवते. परवा कळलं की आमच्या दादानंच दुसऱ्या दुकानातून दोन पुड्या नेल्या आणि शेतातल्या आखाड्यावरच्या हरण्याला दुधातून पाजल्या. हरण्या म्हणजे कारवानी जातीच्या कुत्र्याचं पिलू, तीन महिन्यांचं, वजन सात किलो.

पहिला मुद्दा असा आहे: ‘कुत्र्याच्या बरगड्या दिसत असतील तर त्याला कॅल्शियम कमी आहे. कुत्र्याच्या कातडीत उन्हानं डी जीवनसत्त्व बनत नाही, म्हणून दर रविवारी डी-थ्रीची ६०,००० युनिटची पुडी दुधातून द्यावी. सोबत माणसांच्या कॅल्शियमच्या दोन गोळ्या रोज.’

बरगड्यांचं आधी सांगते. कारवानी हे सशामागं पळणारं कुत्रं. लातूर-नांदेडकडं ज्यांनी पिढ्यानपिढ्या ही कुत्री पाळली त्यांना विचारा. चांगल्या पोसलेल्या कारवानीच्याही शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसतातच, त्याची ठेवणच तशी. तो गुटगुटीत दिसायला लागला तर उलट काळजी करावी. बरगड्या बघून कॅल्शियम ओळखता येत नाही.

उन्हाचं मात्र खरं आहे, नाइलाजानं मान्य करते. माणसासारखं कुत्र्याला उन्हातून पुरेसं डी मिळत नाही, ते अन्नातूनच मिळावं लागतं. हे एक वाक्य खरं असल्यामुळंच पुढचं सगळं लोकांना पटतं. दादाही मला तेच वाचून दाखवत होता, ‘अगं, शास्त्रीय आहे हे.’

आता हिशोब करू. ६०,००० युनिट म्हणजे दीड मिलिग्रॅम. एमएसडी व्हेटर्नरी मॅन्युअल हा जगभरचे पशुवैद्यक वापरतात तो संदर्भग्रंथ आहे, इंटरनेटवर फुकट वाचता येतो. डी-थ्रीची विषबाधेची लक्षणं कुत्र्यात किलोमागं ०.१ मिलिग्रॅमपासून दिसू शकतात असं त्यात दिलंय. दीड भागिले सात करा. ०.२१ येतात. म्हणजे पहिल्याच रविवारी हरण्यानं ती रेषा दुपटीनं ओलांडली होती. साठ किलोच्या माणसाला हीच पुडी किलोमागं हजार युनिट पडते, आणि तीही कमतरता असेल तर, डॉक्टरांनी लिहून दिली तर. हरण्याला साडेआठ हजार पडली.

दुसरीकडून बघा. अमेरिकेत पशुखाद्याची मानकं ठरवणारी ॲफ्को ही संस्था कुत्र्याच्या एक किलो कोरड्या खाद्यात डी किमान ५०० युनिट आणि जास्तीत जास्त ३,००० युनिट असावं म्हणते. दहा किलोचं, वाढ पूर्ण झालेलं कुत्रं दिवसाला साधारण दोनशे ग्रॅम कोरडं खाद्य खातं. म्हणजे त्याची गरज १०० युनिटची आणि वरची मर्यादा ६०० ची. एका पुडीत सहाशे दिवसांची गरज एका घोटात जाते.

आणि डी हे बी-कॉम्प्लेक्ससारखं नाही की जास्त झालं तर लघवीतून निघून जाईल. ते चरबीत साठतं आणि आठवडेच्या आठवडे रक्तात उतरत राहतं. पहिली पुडी अंगात असतानाच दुसरी गेली. त्यामुळं रक्तात कॅल्शियम आणि फॉस्फरस चढत जातं आणि किडनीत, रक्तवाहिन्यांत क्षार साचायला लागतात. दुसऱ्या रविवारनंतर हरण्यानं भाकर सोडली, ओकायला लागला, हौदावरून हलेना, सारखं पाणी आणि सारखी लघवी. दादाला वाटलं ऊन लागलं. बुधवारी डॉक्टरांकडं नेला तेव्हा रक्तातलं कॅल्शियम चढलेलं निघालं. सहा दिवस सलाईन. वाचवलेले पैसे किती आणि गेलेले किती, हे मी दादाला विचारलं नाही. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

हे गावठी उपायांपुरतंच आहे असंही समजू नका. २०१९ मध्ये हिल्ससारख्या बड्या कंपनीला डब्यातलं श्वानखाद्य बाजारातून परत घ्यावं लागलं, कारण त्यात हेच डी जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर गेलं होतं.

कॅल्शियमच्या गोळ्यांचंही तसंच. वाढ पूर्ण झालेलं कुत्रं जास्तीचं कॅल्शियम आतड्यात शोषून घेत नाही, लहान पिलाला ते थांबवता येत नाही. जेवढं घालाल त्यातलं बरंचसं आत जातं. नेदरलँड्समधल्या उत्रेख्तला १९८५ मध्ये ग्रेट डेनच्या पिलांवर हे तपासलं गेलं, जास्त कॅल्शियम दिलेल्या पिलांच्या हाडांची वाढ बिघडली. नुसत्या भाकर-दुधावर किंवा नुसत्या मटणावर वाढवलेल्या पिलाला कॅल्शियम कमी पडू शकतं, ते मी नाकारत नाही. पण किती कमी, हे त्याचं खाणं आणि वजन बघून ठरतं. पिशवीवर ‘संपूर्ण व संतुलित आहार’ लिहिलेलं पिलांचं खाद्य देत असाल तर वरून कॅल्शियम अजिबात नको. आणि म्हशीच्या कॅल्शियमच्या कॅनमधून झाकणभर काढून कुत्र्याला पाजणं कृपा करून बंद करा. तो डोस चारशे-पाचशे किलोच्या जनावराचा आहे.

दुसरा मुद्दा, गोचिडांवर रोज लसणाच्या चार पाकळ्या. कांद्यासारखाच लसूणही कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. भाजीतून चुकून एखादी पाकळी गेली तर काही होणार नाही, पण रोज चार म्हणजे खेळ नाही. आपल्याकडं गोचीडतापानं आधीच रक्त कमी झालेली कुत्री किती असतात ते सांगायला नको. गोचिडांवर औषधं आहेत, ती लावा.

तिसरा, लेकरांच्या व्हिटॅमिनच्या चघळायच्या गोळ्या. बिनसाखरेच्या असतील तर त्यात झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, असू शकतं. कुत्र्याच्या रक्तातली साखर त्यानं अर्ध्या-एक तासात कोसळते, पुढं यकृतही जातं. नको म्हणजे नको.

चौथा, म्हाताऱ्या कुत्र्याच्या गुडघ्यांना ग्लुकोसामाइन. विष नाही, पण पैसे पाण्यात. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०२२ मध्ये आधीचे सगळे प्रयोग एकत्र तपासले. ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनचा उपयोग दिसला नाही, माशाच्या तेलातल्या ओमेगा-थ्रीचा दिसला. त्यामुळं पाचवा मुद्दा, माशाचं तेल, हा अर्धा बरोबर. पण मेसेजमध्ये कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूलचा फोटो आहे. ते माशाच्या यकृताचं तेल, त्यात पुन्हा ए आणि डी. साधं फिश ऑइल वेगळं. आणि आपल्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेली बाटली खवट होते, फ्रिजमध्ये ठेवा.

सहावा मुद्दा सगळ्यात बिनधास्त: ‘एफएसएसएआयचा नंबर असला की डोळे झाकून घ्या.’ तो नंबर देशाची अन्नसुरक्षा संस्था देते, माणसांच्या अन्नासाठी. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यातली अन्नाची व्याख्याच पशुखाद्य वगळते. त्या नंबराचा आणि तुमच्या कुत्र्याच्या सुरक्षिततेचा संबंध नाही.

मग कुत्र्याच्या टॉनिकचा डबा निवडायचा कसा? मी काउंटरवर जे बघते ते सांगते. एका गोळीत काय किती, मिलिग्रॅममध्ये आणि युनिटमध्ये, छापलेलं पाहिजे. ‘खास मिश्रण’ लिहून आकडे लपवले असतील तर परत ठेवा. डोस कुत्र्याच्या किलोवर दिलेला पाहिजे. बॅच नंबर, मुदत, कंपनीचा पूर्ण पत्ता, आणि फोन लावल्यावर उचलणारं कोणी. अमेरिकेतून आलेल्या डब्यावर एनएएससीचा पिवळा शिक्का असेल तर बरं. ती प्राण्यांची टॉनिकं बनवणाऱ्या कंपन्यांचीच संघटना आहे, सरकारी मान्यता नव्हे, पण कारखान्याची तपासणी करते. केस, सांधे, भूक, किडनी सगळं एकाच गोळीनं बरं होतं म्हणणारा डबा मी दुकानात ठेवत नाही. आणि घेण्याआधी कुत्रं सध्या काय खातं ते डॉक्टरांना सांगा. डॉक्टर महाग वाटत असतील तर परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं दाखवा.

हरण्या आता दूध-भाकर खातोय. किडनीची तपासणी सोमवारी पुन्हा आहे. दादानं रिकाम्या पुड्या खिशातच ठेवल्या होत्या, म्हणून डॉक्टरांना नेमका आकडा लगेच कळला. तुमच्या घरात कोणी ही पुडी कुत्र्याला दिली असेल तर ओकण्याची वाट बघू नका, मिठाचं पाणी पाजून ओकवू नका. कुत्रं आणि रिकामी पुडी घेऊन लगेच निघा, पहिल्या काही तासांतच पोटातलं औषध बाहेर काढता येतं.